विश्लेषण : चंद्रपूर-गडचिरोलीहून नागपुरात आलेल्यांना मेट्रोचा उपयोग कितपत? कुठे उतरायचे, कुठे बदलायचे?

समजा, भद्रावतीचा एक रुग्ण पहाटेची एसटी धरून नागपूरच्या एम्सला निघाला. बस गणेशपेठला पोहोचली की तो उतरतो, ऑटोचे भाडे विचारतो आणि आकडा ऐकून मेट्रोकडे वळतो. मेट्रो त्याला नेऊन सोडते खापरीला. म्हणजे थोड्याच वेळापूर्वी त्याची एसटी जिथून गेली, तिथेच. दीड तास गेला, दोन तिकिटांचे पैसे गेले आणि ओपीडीची रांग तेवढी लांबली.

नागपूरची मेट्रो स्वस्त आहे, वातानुकूलित आहे आणि वापरायला अवघडही नाही. पण तिचा नकाशा नागपुरात राहणाऱ्याच्या सोयीने काढलेला आहे. बाहेरगावहून आलेल्याला आधी एकच गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे एसटी किंवा रेल्वे नेमकी कुठे सोडायची. ते चुकले की मेट्रो असूनही फेरा पडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतून उपचार, परीक्षा, न्यायालय आणि विमानतळासाठी नागपूरला जाणाऱ्यांनी नेमके काय करावे, ते पाहू.

नागपूरची मेट्रो जमिनीखालून धावते का?

नाही. कोलकात्यात १९८४ साली देशातली पहिली मेट्रो धावली ती भुयारातून. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट आणि मुंबईत आरे ते कफ परेड या मार्गांवरही मेट्रो जमिनीखाली आहे. नागपुरात मात्र भुयार नाही. जवळजवळ सगळा मार्ग खांबांवर आहे आणि खापरीकडचा थोडा भाग जमिनीलगत. त्यामुळे स्थानक शोधायचे तर मान खाली नाही, वर करायची. रस्त्याच्या मधोमध खांबांची रांग दिसली की ती धरून चालत राहावे, स्थानक येतेच.

वर्धा रोडवर तर हे आणखी वर गेले आहे. तिथे एकाच खांबावर खाली वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो अशी दुमजली रचना आहे. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची नोंद गिनीज बुकात झाली. छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्थानके त्यावरच आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जाऊन पाहावी अशी ही रचना आहे. गुडघेदुखीच्या रुग्णाला मात्र तिचा अर्थ एवढाच, की या स्थानकांवर चढण जास्त आहे आणि जिना टाळून लिफ्ट शोधावी.

मार्गिका किती आणि गाडी कुठे बदलायची?

मार्गिका दोन आहेत. ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण जाते. तिचे एक टोक कामठी रोडवरचा ऑटोमोटिव्ह चौक आणि दुसरे वर्धा रोडवरची खापरी. ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम जाते. तिचे एक टोक प्रजापती नगर आणि दुसरे हिंगणा मार्गावरचे लोकमान्य नगर. दोन्ही मिळून सुमारे ४० किलोमीटर. खापरी ते सीताबर्डी हा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, लोकमान्य नगरची बाजू जानेवारी २०२० मध्ये आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला.

दोन्ही मार्गिका फक्त एका ठिकाणी भेटतात, ते म्हणजे सीताबर्डी. नागपूरकरांच्या बोलण्यातली ‘बर्डी’ ती हीच. इथे दोन मार्गिकांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचे तर पाट्या पाहत सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने मजला बदलायचा. बाहेरच्या फाटकातून मात्र बाहेर पडायचे नाही. बाहेर पडले की प्रवास संपला असे यंत्र समजते आणि नवे तिकीट काढावे लागते. पहिल्यांदा आलेल्यांची चूक होण्याची शक्यता इथेच सर्वाधिक.

गाडी कोणत्या दिशेची, हे कसे ओळखावे? एसटीच्या पाटीवर शेवटचे गाव लिहिलेले असते, तसेच इथेही. विमानतळाकडे जायचे असेल तर ‘विमानतळाची गाडी’ अशी काही नसते. ‘खापरी’ लिहिलेल्या फलाटावर उभे राहायचे. रेल्वे स्थानकाकडे जायचे तर बर्डीहून ‘प्रजापती नगर’. चार टोकांची चार नावे लक्षात राहिली की सगळी मेट्रो कळली.

चंद्रपूरच्या बसमधून उतरायचे कुठे?

या लेखातला सर्वांत कामाचा मुद्दा हाच. चंद्रपूरची एसटी भद्रावती, वरोरा, जाम चौरस्ता, बुटीबोरी असे सुमारे १५० किलोमीटर कापून वर्धा रोडने शहरात शिरते. ऑरेंज लाइनचा दक्षिणेकडचा बराचसा भाग याच वर्धा रोडवर आहे. म्हणजे खापरीपासून पुढे बस आणि मेट्रो एकमेकींच्या सोबतच शहराकडे जातात. गणेशपेठचे बसस्थानक गाठेपर्यंत ही सोबत सुटलेली असते.

त्यामुळे काम कुठे आहे यावरून उतरायची जागा ठरवावी. एम्स मिहानमध्ये आहे. चंद्रपूरकडून येताना ते शहराच्या अलीकडेच येते. एम्सला जाणाऱ्याने गणेशपेठेपर्यंत जाण्याचे कारणच नाही. मिहान किंवा खापरीजवळ बस थांबते का, हे वाहकाला बसमध्ये चढतानाच विचारावे. बुटीबोरी सुटल्यावर विचारून उपयोग नसतो. थांबत असेल तर तिथूनच ऑटो करावा. मेट्रोची गरजच उरत नाही. थांबत नसेल तर वर्धा रोडवर जो पहिला थांबा मिळेल तिथे उतरून खापरीकडची मेट्रो धरावी आणि खापरीहून पुढे ऑटो किंवा मिळाल्यास फीडर बस. एम्स मेट्रो स्थानकाला लागून नाही. शेवटचा टप्पा रस्त्यानेच होतो, हे गृहीत धरूनच घरून निघावे.

काम धरमपेठ, शंकर नगर किंवा बर्डीत असेल तर वर्धा रोडवरच उतरून मेट्रो धरणे फायद्याचे. गर्दीच्या वेळी शेवटचे चार-पाच किलोमीटर बस सिग्नलवर रेंगाळते, मेट्रो रेंगाळत नाही. मात्र इथे एक खोच आहे. बस वर उल्लेख केलेल्या उड्डाणपुलावर चढली तर छत्रपती चौक खालीच राहतो. मग मधे उतरता येत नाही. ‘छत्रपती चौकात उतरायचे आहे, बस पुलाखालून जाणार का?’ असे स्पष्ट विचारावे. पुलावरून जाणार असेल तर पूल लागण्याआधी किंवा संपल्यावर कुठे थांबणार ते ठरवून घ्यावे. पूल संपल्यावर अजनी चौक आणि रहाटे कॉलनी ही दोन मेट्रो स्थानके वर्धा रोडच्या बाजूची आहेत.

आणि थेट गणेशपेठेपर्यंत यावेच लागले तर? जवळचे मेट्रो स्थानक कॉटन मार्केट. ते ॲक्वा लाइनवर आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. बसस्थानकाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच मेट्रो, असे मात्र नाही. थोडे चालावे लागते. हातात सामान आणि सोबत रुग्ण असेल तर तेवढ्यासाठीही ऑटो लागतो. पुण्यात स्वारगेटला मेट्रो एसटी स्थानकाच्या शेजारीच जमिनीखाली आहे. विदर्भातल्या सर्वांत गजबजलेल्या बसस्थानकांपैकी एक असलेल्या गणेशपेठेला ते भाग्य लाभले नाही. खेड्यातून येणारा प्रवासी आराखड्यात शेवटी मोजला गेला, असे यावरून कुणी म्हटले तर त्याला चूक ठरवणे अवघड आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

बल्लारशा-चंद्रपूरकडून येणारी गाडी वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम करत नागपूरला येते. त्याआधी अजनी लागते आणि काही गाड्या तिथे थांबतात. इथे दोन नावे फसवतात.

पहिले अजनी. अजनी रेल्वे स्थानक आणि ‘अजनी चौक’ मेट्रो स्थानक एक नाहीत. मेट्रोचे अजनी चौक वर्धा रोडवर आहे. अजनी रेल्वे स्थानकावर उतरलेल्याला जवळचे मेट्रो स्थानक पडते काँग्रेस नगर. ऑटोवाल्याला नुसते ‘अजनी मेट्रो’ सांगितले तर तो चौकात नेणार आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरे नागपूर रेल्वे स्थानक. या नावाचे मेट्रो स्थानक आहे, पण ते संत्रा मार्केटच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे. रेल्वेची जुनी दगडी मुख्य इमारत आणि फलाट क्रमांक १ पश्चिमेकडे. गर्दीच्या लोंढ्याबरोबर मुख्य दाराने बाहेर पडलेला प्रवासी मेट्रोकडे पाठ करून उभा असतो. समोर ऑटोवाले असतात, मेट्रोची पाटी दिसत नाही आणि मग ‘मेट्रो लांब आहे’ असा समज होतो. गाडीतून उतरल्यावर पादचारी पुलावरून संत्रा मार्केटच्या दिशेने जावे. स्थानकाच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतलेले असल्याने ये-जा करण्याचे रस्ते बदलू शकतात. हमालाला किंवा रेल्वे पोलिसाला एकदा विचारून घेतलेले बरे.

गडचिरोलीकरांना मेट्रोचा फायदा आहे का?

थोडाच आहे आणि तो का थोडा आहे, हे नकाशा पाहिल्यावर लगेच कळते. गडचिरोलीची एसटी आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड अशी येते आणि उमरेड रोडने दिघोरी, ताजबाग, सक्करदरा या भागातून शहरात शिरते. या रस्त्यावर मेट्रो नाही. दोन्ही मार्गिका त्याला सोडून जातात. पूर्वी नागभीडहून इतवारीला येणारी नॅरोगेज रेल्वे तरी होती. गेज बदलासाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे आजवर एकटे वडसा. तेव्हा जिल्ह्याची सगळी भिस्त एसटीवर आणि एसटी येते मेट्रो नसलेल्या बाजूने.

पण यातही दोन वाटा आहेत. गडचिरोली, आरमोरी, कुरखेडा, धानोरा भागातला रुग्ण ‘मेडिकल’ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चालला असेल तर त्याने मेट्रोचा विचारच सोडावा. मेडिकलजवळून मेट्रो जात नाही. उमरेड रोडने शहरात शिरताना ते गणेशपेठेच्या अलीकडच्याच भागात पडते. सोयीच्या चौकात उतरून ऑटो करणे हाच सर्वांत जवळचा मार्ग. गणेशपेठ, मग कॉटन मार्केट, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो, हा फेरा आजारी माणसाला घेऊन करू नये.

अहेरी, आलापल्ली, सिरोंचा, भामरागड या दक्षिणेकडच्या तालुक्यांचे गणित वेगळे. तिथून आष्टी, गोंडपिपरी मार्गे चंद्रपूर गाठता येते आणि चंद्रपूरहून पुढची एसटी वर्धा रोडने जाते. काम एम्समध्ये किंवा विमानतळावर असेल तर ही वाट थेट कामाच्या दारातून जाते. गडचिरोली मार्गे गेल्यास तोच प्रवासी शहराच्या दुसऱ्या बाजूला उतरतो.

आणि गडचिरोलीच्या बसने गणेशपेठला उतरून एम्सलाच जायचे असेल, तर क्रम असा : कॉटन मार्केट स्थानकापर्यंत ऑटो किंवा पायी, तिथून ‘लोकमान्य नगर’ लिहिलेली गाडी, पुढच्याच स्थानकावर म्हणजे सीताबर्डीला उतरणे, फाटकाबाहेर न पडता मजला बदलणे, ‘खापरी’ लिहिलेली गाडी, शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहणे, तिथून ऑटो. तिकीट कॉटन मार्केटलाच थेट खापरीचे काढावे. बर्डी ते खापरी साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आहे. गाडी बदलण्याचा आणि वाट पाहण्याचा वेळ धरून गणेशपेठ ते एम्स यासाठी दीड तास हाताशी ठेवावा.

तिकीट कसे काढायचे? एसटीची सवलत चालते का?

या प्रश्नाचा दुसरा भाग आधी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. या सवलती एसटी महामंडळाच्या बसपुरत्या आहेत. मेट्रोत त्या लागू नाहीत. गावाहून अर्ध्या तिकिटात आलेली बाई मेट्रोच्या खिडकीवर ‘पूर्ण का?’ म्हणून थबकली तर तिचे काही चुकत नाही. तिला कुणी सांगितलेलेच नसते. मेट्रो चालवणारे महामंडळ वेगळे आहे, महा मेट्रो. तिच्या स्वतःच्या सवलती वेळोवेळी बदलतात. विद्यार्थ्यांनी आणि दिवसभरात चार-पाच फेऱ्या करणाऱ्यांनी त्या दिवशी काय चालू आहे, हे खिडकीवर विचारावे.

स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. खिडकीवर रोख पैसे देऊन कागदी तिकीट मिळते. त्यावर क्यूआर कोड छापलेला असतो. फाटकाच्या काचेवर तो कोड धरला की झडप उघडते. एका तिकिटावर एकच माणूस. पुढच्याच्या पाठोपाठ घुसू नये, झडप मधेच मिटते. आत गेल्यावर तिकीट फेकू नये किंवा चुरगाळू नये, कारण बाहेर पडताना तोच कोड पुन्हा दाखवावा लागतो. एसटीचे तिकीट उतरताना कुणी विचारत नाही, त्यामुळे ही सवय नसते.

तिकीट मोबाइलवरही काढता येते, पण त्यात एक धोका आहे. सिरोंचा किंवा भामरागडहून निघालेल्याचा फोन नागपूरला पोहोचेपर्यंत अखेरच्या दोन टक्क्यांवर आलेला असू शकतो. आत शिरल्यावर फोन बंद पडला तर बाहेर पडायला कोड कुठून आणणार? लांबचा प्रवास करून आलेल्याने कागदी तिकीटच घ्यावे. ऐकायला जुनाट वाटेल, पण कागदाची बॅटरी संपत नाही.

गाड्या साधारण सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत धावतात आणि १० ते १५ मिनिटांनी पुढची गाडी मिळते. सुटी आणि सणांच्या दिवशी वेळापत्रक बदलते. रात्रीच्या बसने पहाटे चार-साडेचारला नागपुरात उतरणाऱ्यांना मेट्रो उपयोगाची नाही. सहा वाजेपर्यंत बसस्थानकातच थांबावे लागते. गाडी तीन डब्यांची असते. महिलांसाठी राखीव डब्याची पाटी फलाटावर पाहून घ्यावी.

सोबत काय नेता येत नाही?

प्रवेशाच्या ठिकाणी सामान तपासले जाते. विळा, कोयता, कुऱ्हाड, रॉकेल, पेट्रोल यांना मनाई आहे. मुलाच्या खोलीवर पोचवायला निघालेली तांदळाची चुंगडी अडवली जाईलच असे नाही, पण डब्यात ती ठेवायला वेगळी जागा नसते आणि सरकत्या जिन्यावर ती सांभाळणे धोक्याचे. लिफ्ट वापरावी. सरकत्या जिन्याची सवय नसलेल्या, नऊवारीतल्या किंवा चप्पल सैल असलेल्या ज्येष्ठांनीही लिफ्टच बरी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

राहिला खर्रा. चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या तिन्ही जिल्ह्यांचा हा समान धागा. तो खिशात असणे वेगळे आणि स्थानकात तोंडात असणे वेगळे. मेट्रो रेल्वेसाठी २००२ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि थुंकणे, घाण करणे, दारू पिऊन गोंधळ घालणे यासाठी त्यात दंड आहे. एसटीच्या खिडकीतून पिचकारी टाकता येते, मेट्रोच्या खिडक्या उघडत नाहीत. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे आत गेल्यावर कळते, तोवर उशीर झालेला असतो.

कोणत्या कामाला कोणते स्थानक?

मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय रुग्णालयासाठी ॲक्वा लाइनवरचे दोसर वैश्य चौक. रुग्णालयांपैकी मेट्रोची खरी सोय झाली ती मेयोची. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि विधानभवनासाठी झिरो माईल फ्रीडम पार्क. न्यायालयापर्यंत पुढे ऑटो लागतो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत त्या भागातले रस्ते अडवले जातात, तेव्हा तारखेला येणाऱ्या पक्षकाराला मेट्रोच अधिक भरवशाची.

दीक्षाभूमीसाठी रहाटे कॉलनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दोन्ही दीक्षाभूमींच्या सोहळ्यांना जाणारी कुटुंबे चंद्रपूर जिल्ह्यात गावोगावी आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडचे रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि वाहने दूरच थांबवली जातात. त्या दिवशी परतीचे तिकीट आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे.

परीक्षेसाठी येणाऱ्यांनी प्रवेशपत्रावरचा पत्ता नीट वाचावा. धरमपेठ, शंकर नगर, एलएडी चौक हे भाग थेट मेट्रोवर आहेत. ‘हिंगणा रोड’ लिहिले असेल तर मात्र सावध राहावे. ॲक्वा लाइन लोकमान्य नगरला संपते, पण त्यापुढेही वानाडोंगरी, हिंगण्यापर्यंत महाविद्यालये पसरलेली आहेत. लोकमान्य नगरहून पुढे ऑटो धरण्याचा वेळ हिशेबात घ्यावा. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाल्यापासून पदवीच्या कागदांसाठी नागपूरचे हेलपाटे थांबले, भरती परीक्षांचे मात्र अजून सुरूच आहेत.

विमानाने जाणाऱ्यांसाठी तिसरे फसवे नाव. ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्थानके आहेत. आजचे विमानतळ टर्मिनल गाठायचे तर नुसते ‘एअरपोर्ट’ लिहिलेल्या स्थानकावर उतरावे. ‘न्यू’ म्हणजे नवे आणि चांगले, असे समजून पुढे गेले की उलटे यावे लागते. एअरपोर्ट स्थानकही टर्मिनलच्या दारात नाही. ते वर्धा रोडवर आहे आणि तिथून आत जायला वाहन लागते.

पुढे काय बदलणार?

दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. लांबी ४३.८ किलोमीटर, स्थानके ३२, खर्च ६,७०८ कोटी रुपये. चारही टोके पुढे वाढणार आहेत : ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हानपर्यंत, लोकमान्य नगरपासून हिंगण्यापर्यंत, प्रजापती नगरपासून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत आणि मिहानपासून बुटीबोरी औद्योगिक वसाहतीपर्यंत.

चंद्रपूरच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती यातली शेवटची, साडेअठरा किलोमीटरची मार्गिका. ती सुरू झाली की बुटीबोरीलाच एसटी सोडून मेट्रोत बसता येईल. शहरातली कोंडी टाळण्याची ती चांगली संधी ठरेल. अर्थात बुटीबोरीचा एसटी थांबा आणि मेट्रो स्थानक एकमेकांजवळ आणले तरच. गणेशपेठेचा अनुभव पाहता ही मागणी चंद्रपूरच्या लोकप्रतिनिधींनी काम सुरू असतानाच लावून धरायला हवी. खांब उभे राहिल्यावर ते सरकवता येत नाहीत. उमरेड रोडचे नाव या चार टोकांत नाही. म्हणजे गडचिरोलीच्या वाट्याला दुसऱ्या टप्प्यातही थेट काही नाही.

पहिला टप्पा ज्या ११ डिसेंबर २०२२ रोजी लोकार्पित झाला, त्याच दिवशी एम्सचे आणि चंद्रपुरातील हिमोग्लोबिनशी संबंधित आजारांवरील केंद्राचेही लोकार्पण झाले. सिकलसेलचे रुग्ण या दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या संख्येने आहेत. चंद्रपुरातच जेवढे उपचार होतील तेवढी नागपूरची फेरी वाचेल. मेट्रोच्या चर्चेत ही बाजूही धरायला हवी.

परतीच्या वेळी काय करावे?

संध्याकाळची रेल्वे पकडायची असेल तर नागपूर रेल्वे स्थानक या मेट्रो स्थानकावर उतरल्यावर आपण पूर्वेला असतो. गाडी फलाट क्रमांक १ च्या बाजूला लागली तर संपूर्ण पूल ओलांडावा लागतो. गाडीच्या वेळेआधी किमान अर्धा तास मेट्रोतून उतरलेले असावे. एसटीने परतणाऱ्यांनी गणेशपेठलाच जावे. सकाळी वाटेत उतरलो म्हणून संध्याकाळी वाटेतच चढू, असे ठरवू नये. वर्धा रोडवर बस हात दाखवून थांबेलच, असे नाही, आणि थांबली तरी वरोऱ्यापर्यंत उभ्याने जावे लागू शकते. एम्समधून उशिरा निघालेल्याने खापरीहून बर्डी, बर्डीहून कॉटन मार्केट आणि तिथून बसस्थानक, असा दीड तास धरूनच शेवटच्या बसची वेळ पाहावी. ती वेळ गाठता येणार नाही असे दिसले तर रुग्णाला घेऊन धावपळ करण्यापेक्षा रुग्णालयातच धर्मशाळेची चौकशी दिवसा, कार्यालय उघडे असताना करून ठेवावी.